टिकलीच्या उष्टावणाची भांडी

नवद्वीपात कुणाकडे कार्य निघालं की माणसं आधी भटजीकडे जातात का लाट्टू कुंडूकडे, यावरून त्या घराचं शहाणपण कळतं. भटजी मुहूर्त देतो, लाट्टू खुर्च्या देतो. मुहूर्त टळला तर पुढचा मिळतो. लग्नसराईत खुर्च्या टळल्या तर पाहुणे उभे राहतात, आणि उभा राहिलेला पाहुणा वर्षभर बोलत बसतो. म्हणून शहाणी माणसं आधी लाट्टूकडे जातात.

त्याचं शाळेतलं नाव अद्वैतचरण. ते त्याला मतदानाच्या दिवशी आठवतं. एरवी सगळ्या गावाचा तो लाट्टू. पोडामातलेच्या देवळामागच्या गल्लीत ‘कुंडू डेकोरेटर्स’ची वखार आहे. खाली कढया, पातेली, होडी वल्हवता येईल एवढे झारे, मंडपाच्या कापडांचे गठ्ठे. आणि वरच्या एका खोलीत लाट्टू. लग्न केलं नाही. “लोकांची इतकी लग्नं उभी केली, माझी हौस त्यातच फिटली,” असं तो सांगतो. आतली गोष्ट अशी की तरुणपणी एकदा मुलगी बघायला गेला, तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं, “मुलगी पसंत आहे का?” यानं विचारलं, “पानं किती धरायची?” तिथंच ते फिसकटलं.

देवानं लाट्टूला सगळं दिलं, फक्त लहान माप द्यायचं विसरला. त्याच्या डोक्यात एकच माप आहे, तीनशे पानांचं. स्वतःला ताप आला म्हणून खिचडी करायला घेतली की गल्लीतल्या सगळ्यांना पथ्याचं खावं लागतं. आमच्याकडे एकदा ऐन स्वयंपाकात मीठ संपलं, म्हणून मी वाटी घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं माझ्या खांद्यावर गोणी ठेवली आणि म्हणाला, “उरेल ते आणून दे.” मी वाटी गोणीवर ठेवून परत आलो.

तर या माणसाला मामा व्हायचं होतं.

शेजारच्या घरची शिउली एकुलती एक. तीन वर्षांची असताना भाऊबिजेच्या दिवशी सगळ्या मैत्रिणींना भाऊ आणि आपल्यालाच नाही म्हणून तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तिच्या आईनं दार उघडलं, तर बाहेरून खांद्यावर बांबू घेतलेला लाट्टू चालला होता. त्याला बांबूसकट आत ओढलं, पाटावर बसवलं आणि शिउलीनं करंगळीनं त्याच्या कपाळाला गंध लावलं. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. तिच्या लग्नात लाट्टूनं मंडपाचं भाडं घेतलं नाही, आणि मंडप एवढा घातला की नवऱ्याकडची माणसं अर्धा तास नवरी शोधत हिंडत होती.

आता शिउलीला मुलगी झाली होती. टिकली. तिला सातवा महिना लागला आणि उष्टावणाचा दिवस ठरला. आमच्याकडे त्याला मुखेभात म्हणतात, आणि त्यात बाळाचा पहिला घास मामाचा असतो. बाळ मामाच्या मांडीवर बसतं, मामा खीर भरवतो. बाप बाजूला उभा राहून फोटो काढतो; त्याला त्या दिवशी तेवढंच काम.

लाट्टूला गावात कुणी दादा म्हणतं, कुणी काका म्हणतं, घाईत असलेली माणसं ‘ओ डेकोरेटर’ म्हणतात. मामा म्हणणारं कुणी नव्हतं. टिकली अजून ‘ब्बब्ब’च्या पुढे गेली नव्हती, तरी लाट्टू गल्लीत सांगत सुटला होता, “म्हणेल, म्हणेल. आधी भरवू तर द्या.”

पण मध्ये टिकलीची आजी होती, म्हणजे शिउलीची सासू, हिरण्मयी गुहठाकुरता. आडनाव उच्चारतानाच माणूस निम्मा नमतो. या पूर्व बंगालातल्या बारीशालच्या, म्हणजे बांगाल. तिथून अगदी लहानपणी इकडे आल्या, पण बारीशालबद्दल अशा बोलतात की जणू तिथं चुलीवर दूध ठेवून आल्यात आणि ते उतू जायच्या आत परत जायचंय. लाट्टू पडला गंगेच्या याच काठचा घटी. घटी माणूस वरणात साखर घालतो, हे बांगालांच्या मते कुठल्याही गुन्ह्याचं मूळ आहे. सगळं गाव त्यांना माशिमा, म्हणजे मावशी म्हणतं. मी पण म्हणतो. नुसतं ‘मावशी’ म्हटलं तर त्या वळून बघत नाहीत.

माशिमा ओटीवर विळी घेऊन लाल भोपळा चिरत होत्या. लाट्टू आणि मी दाराशी उभे होतो.

“मामा कोण बसणार?” त्यांनी भोपळ्याला विचारलं.

“लाट्टूदा,” शिउली म्हणाली.

“तो मंडपवाला?”

“माझा भाऊ आहे, आई.”

“गंधाचा भाऊ. त्याला मी नाही म्हणत नाही. पण रक्ताचाही आहे ना तुला, मावशीचा अरिंदम. बंगलोरहून येणारच आहे तो. शिकलेला आहे, हात स्वच्छ असतात.”

लाट्टूनं आपले हात मागे घेतले. “माशिमा, मी…”

“तू तीनशे माणसं जेवू घालतोस बाबा. ते मी बघितलंय. ढीग लावून मोकळा होतोस.” विळीवर भोपळ्याचे दोन तुकडे झाले. “एका जिवाला घालता येईल का तुला? तोंड केवढं असतं माहितेय सात महिन्यांच्या पोरीचं?”

लाट्टूनं अंगठा आणि तर्जनी जुळवून माप दाखवायचा प्रयत्न केला. ते माप पुरीचं निघालं.

“असं कर,” माशिमा म्हणाल्या. “बाळाची जेवणाची भांडी मामाकडून येतात. ती घेऊन ये. लागतं तेवढंच. एक जास्त नको, एक कमी नको. भांडी बघून ठरवीन कुणाच्या मांडीवर बसायचं ते.”

लाट्टू तडक मदन कांसाऱ्याच्या दुकानात. मदनच्या घराण्यात सात पिढ्या काशाची भांडी घडवतायत. लाट्टू म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि त्याला डोळ्यांसमोर उंच कढई नसताना लाट्टूशी बोलायची सवयच नव्हती.

“बाळाचं ताट दाखव,” लाट्टू म्हणाला.

मदननं एक ताटली काढली.

“हे बशीसारखं दिसतंय.”

“बाळ पण बाळासारखंच दिसतं, लाट्टू.”

“जरा भरीव काहीतरी दे. माणसं बघणार आहेत. ते काय वर टांगलंय?”

“तो लग्नातल्या जावयाचा थाळा आहे. त्यात बोकड मावेल.”

“काढ खाली.”

थाळा आला, त्याच्याबरोबर भोवती मांडायला अकरा वाट्या आल्या, कारण थाळा रिकामा बरा दिसत नाही. पाण्याचा तांब्या आला, कारण वाट्या आहेत आणि तांब्या नाही हे लाट्टूला बघवेना. तांब्याला तिवई आली. हे सगळं सायकल-व्हॅनवर घालून, वर झेंडूची माळ टाकून लाट्टू माशिमांच्या दारात हजर झाला.

माशिमा थाळ्याभोवती एकदा फिरून आल्या. खरंच फिरून आल्या, तेवढी जागा लागली.

“यात पोरीला जेवायला घालायचं का धुवायचं?”

“ताट आहे, माशिमा.”

“हे ताट? यात हिला ठेवली तर हाकेला ओ देणार नाही. ने परत. आणि ती माळ पण ने. इथं कुणी मेलेलं नाही.”

परत जाताना व्हॅनवर लाट्टू थाळ्याच्या शेजारी बसला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो लहान दिसला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर हा विषय निघाला. निघाला म्हणजे लाट्टूनं चूक केली आणि सल्ला विचारला. आमच्या गावात भूक लागली आहे असं सांगितलं तर मिनिटाभरात कुणी उठत नाही. सल्ला हवा आहे म्हटलं की पलीकडच्या घाटावरून माणसं होडीनं येतात. होमिओपॅथीचे डॉक्टर आले, निवृत्त पोस्टमास्तर आले, गावातले बाकीचे निवृत्त तर आधीच तिथं होते. यांतल्या एकानंही आपल्या पोराला उभ्या जन्मात घास भरवला नव्हता. त्यामुळे मतं अगदी ठाम होती.

“चांदीचं बोंडलं घे,” पोस्टमास्तर म्हणाले. “बुद्धी वाढते.”

“तुम्ही कशातून खाल्लं होतंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“चांदीच्याच.”

“मग राहू दे.”

बोंडलं, आमच्याकडचं झिनुक, शिंपल्याच्या आकाराचं असतं: एका बाजूला पसरट, दुसऱ्या बाजूला चोच. पसरट बाजूनं खीर घ्यायची, चोचीनं बाळाच्या तोंडात सोडायची. मदनकडून नाना तऱ्हांची बोंडली मागवली गेली: उथळ, खोल, लांब चोचीची, आखूड चोचीची. पण कुठलं चांगलं हे कळणार कसं? टिकलीवर प्रयोग करायला माशिमा देणार नव्हत्या. मग लाट्टू म्हणाला, “माझ्यावर करा,” आणि टपरीच्या बाकावर उताणा झाला. बाकाचे पाय दोन्हीकडे जरा पसरले.

पोस्टमास्तरांनी लांब चोचीच्या बोंडल्यात कोमट चहा घेतला आणि लाट्टूच्या तोंडात सोडला. तो कानात गेला.

“तोंड हलवू नकोस.”

“मी नाही हललो. तुमचा हात पत्रं टाकल्यासारखा चालतो.”

डॉक्टरांनी खोल बोंडलं घेतलं. त्यातून आधी काहीच येईना, आणि मग सगळं एकदम आलं. लाट्टू उठून बसला, खोकला, पुन्हा आडवा झाला. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी चहावाल्यानं मान वळवली नाही. येणारेजाणारे थांबून विचारत होते, “काय झालं? झटका आला का?” कुणीतरी सांगत होतं, “नाही, उष्टावण आहे.”

पण खरं सांगतो, त्या बाकावर लाट्टूत काहीतरी बदललं. आजवर तो वाढणाऱ्याच्या बाजूला उभा होता. आता घास येतो त्या बाजूला पडल्यावर त्याला एकेक कळत गेलं. धारदार कड ओठाला लागते. चोच जिभेच्या मधोमध आली की ठसका लागतो, गालाच्या कोपऱ्यातून आलं की बरं वाटतं. मोठ्या वाटीतली खीर निवून जाते. आणि वरून वाकलेल्या माणसाला घाई असली की खालच्याला भीती वाटते, तो कितीही वजनाचा असो.

“पोस्टमास्तर,” तो आडव्यानंच म्हणाला, “आम्ही पंक्तीत लोकांना असंच घाबरवतो का हो?”

“तू जास्त.”

त्या संध्याकाळी लाट्टू पुन्हा मदनकडे गेला. या वेळी चालत, आणि हातात पिशवी. एक छोटी काशाची वाटी घेतली, जाड बोथट कडेची. एक उथळ बोंडलं, आखूड चोचीचं. मऊ भात घासून काढायला एक बारीक गाळणी. मदन म्हणाला, “आणि?” लाट्टूनं दुकानावर सगळीकडे नजर फिरवली, टांगलेल्या परातींवर ती दोनदा अडखळली, मग तो म्हणाला, “बास.” मदननं दुकानातला दिवा मोठा केला आणि त्याच्याकडे नीट बघून घेतलं. लाळेरी शिउलीच्या आईनं जुन्या सुती साडीची शिवून दिली. नव्या कापडाला खळ असते, हनुवटी सोलते. एवढंच सामान. पिशवीत हात घातला तर तळ लागत होता. लाट्टूला इतक्या कमी सामानानिशी मी कधी बघितलं नव्हतं. तो अवघडल्यासारखा चालत होता.

आणि इथं धंदा आडवा आला.

भाड्यानं भांडी देणाऱ्याचा एक नियम असतो: नाव न घातलेलं भांडं म्हणजे गेलेलं भांडं. नवं पातेलं वखारीत आलं की लाट्टू त्याला उंबऱ्याच्या आत घेण्याआधी छिन्नी-हातोडी घेऊन बसतो आणि ठोक्या-ठोक्यानं ‘कुंडू’ असं नाव घालतो. झारा असो, चमचा असो, मीठदाणी असो. गावात अशी घरं आहेत जिथं तीन पिढ्या ‘कुंडू’ नावाच्या चमच्यानं आमटी वाढतात आणि तो कुठून आला हे कुणाला आठवत नाही. त्या रात्री लाट्टू खुशीत होता. पिशवी उघडली, वाटी हातात घेतली, बोंडलं घेतलं, बाहेरच्या कुणाशी इलिश माशाच्या भावाबद्दल गप्पा मारल्या, आणि सकाळी पिशवी उचलून माशिमांकडे गेला.

माशिमांनी भांडी मांडीवर घेतली. वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोंडल्याची चोच स्वतःच्या ओठाला लावून बघितली. लाळेरं गालाला लावलं.

“कड बोथट आहे,” त्या म्हणाल्या. “कुणी निवडली?”

“मी, माशिमा.”

“आणि चोच आखूड का घेतलीस?”

“लांब असली की कानात जाते.”

माशिमा हसल्या नाहीत, पण हसायच्या बेतात आल्या. शिउलीनं माझ्याकडे बघितलं. मग माशिमांनी वाटी उलटी केली.

खाली, छान ठसठशीत अक्षरात, ‘कुंडू’.

बोंडल्यावर ‘कुंडू’. गाळणीच्या पत्र्यालाही घालायचा प्रयत्न झाला होता, पण जागा न मिळाल्यानं नुसताच ‘कुं’.

“हे भाड्याचं आहे?”

“नाही माशिमा! नवं आहे. मदनला विचारा.”

“माझ्या नातीचं उष्टावण भाड्याच्या वाटीत! मग संध्याकाळी येऊन मोजून नेणार असशील?”

“माशिमा, हात गेला हो. सवयीनं गेला. मी नवी वाटी घेऊन येतो, आत्ता…”

“वाटीचं नाही म्हणत मी, हाताचं म्हणते.” त्यांनी भांडी खाली ठेवली. “ज्या हाताला आपलं कुठलं आणि गिऱ्हाइकाचं कुठलं हे कळत नाही, त्याचा पहिला घास नको माझ्या पोरीला. अरिंदम भरवील. तू मंडप घाल. पैसे रोख मिळतील.”

शिउली काहीतरी बोलायला गेली. लाट्टूनंच मान हलवून तिला थांबवलं. पायऱ्या उतरताना तो मला एवढंच म्हणाला, “बाई चुकीचं बोलली नाही रे.”

मंडप त्यानं घातला. पण मन नव्हतं, त्यामुळे मंडप बेताचा झाला, आणि लाट्टूच्या मंडपात पाहुण्यांना पहिल्यांदाच यजमान दिसले. लोक म्हणाले, लाट्टू सुधारला.

अरिंदम सकाळच्या गाडीनं आला. टोटोमध्ये, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षात, तो पुढे आणि मागे त्याचं खोकं. मुलगा चांगला होता, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. खोक्यातून निघाली एक उंच पायांची, पट्टे असलेली खुर्ची. टेबलाला चिकटून बसणारी रबरी वाटी. गरम घासाला रंग बदलणारा चमचा. खिसा असलेलं लाळेरं, सांडलेलं गोळा करायला. आणि एक यंत्र, जे भाजी शिजवतं, वाटतं आणि झाली की गाणं म्हणतं. माशिमांनी यंत्राचं गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, “याचं लग्न झालंय का?”

लाट्टू खांब ठोकायचा सोडून खुर्चीजवळ आला. “घडी होते का हो हिची?”

“होते दादा. हे बघा, खटका दाबायचा.”

लाट्टूनं दाबून बघितला, पुन्हा दाबला. “भाड्यानं द्यायला उत्तम आहे,” तो मनापासून म्हणाला.

अरिंदमनं इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “दादा, तुम्ही इथली कार्यं बघता. खरं सांगा, मला नक्की काय करायचंय? मी आयुष्यात बाळ धरलेलं नाही.”

इथं दुसरा कुणी असता तर ‘बघा तुमचं तुम्ही’ म्हणाला असता. मीच म्हणालो असतो. लाट्टूनं त्याला मंडपाच्या खांबाआड नेलं आणि सगळं शिकवलं. “मधोमध सोडायचं नाही. गालाच्या कोपऱ्यातून. थेंबभर. ती गिळेपर्यंत थांबायचं. आणि घाई करायची नाही, घाई केली की ती घाबरते.” अरिंदम मान डोलवत होता, लाट्टू रिकामी मूठ त्याच्या गालाशी वळवून दाखवत होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, भांडण चाललंय.

मुहूर्ताला टिकली आली. लाल बनारसी, कपाळभर चंदनाचे ठिपके, डोक्यावर शोल्याचा, म्हणजे पाणवनस्पतीच्या भेंडाचा, पांढरा मुकुट. एवढा दागिना बघून तिला स्वतःचाच संशय आला होता. ती सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. भटजी म्हणाले, “मामा, पाटावर बसा. मांडी घाला.”

अरिंदम बसला. मांडी मात्र होईना.

बिचाऱ्याचा दोष नव्हता. कॉलेजपासून खुर्ची, ऑफिसात खुर्ची, घरी खुर्ची, उरलेल्या वेळात व्यायामशाळा. गुडघे घडी व्हायला तयार नव्हते. रेशमी धोतरातून ते कानांपर्यंत वर आले. त्या दोन डोंगरांच्या मध्ये टिकलीला ठेवली, तर ती हळूहळू दरीत उतरायला लागली. वर काढली, पुन्हा उतरली.

“खुर्चीत बसवू का हिला?” अरिंदमनं केविलवाणं विचारलं. “पट्टे आहेत.”

“खुर्चीला गोत्र नसतं,” भटजी म्हणाले.

“उशी द्या खाली,” कुणीतरी सुचवलं. उशी दिली. आता टिकली उशीसकट उतरली. तिनं एकदा जोरात भोकाड पसरलं, मग रडण्याचा उपयोग नाही असं बघून मुकुटाचा झुपका ओढून तोंडात घातला आणि चावायला सुरुवात केली.

“अगं बाई! ती मुकुट खातेय!” शिउली ओरडली.

“काढा, काढा! पहिला घास शोल्याचा होईल!” भटजी मांडी मोडून पुढे झेपावले. मुहूर्ताची उरलेली मिनिटं ते घड्याळात बघत होते आणि मोठ्यानं मोजत होते, ज्यानं कुणालाच मदत होत नव्हती.

माशिमा आतापर्यंत भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी अरिंदमचे गुडघे बघितले. खोक्यातली खुर्ची बघितली. मग मागच्या अंगणाकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, आणि ती हाक बारीशालपर्यंत गेली असणार.

“लाट्टू!”

लाट्टू झारा घेऊनच आला. “माशिमा, मासा पाच मिनिटांत उतरवतो…”

“मासा गेला खड्ड्यात. मांडी घालता येते का तुला?”

“जन्मल्यापासून, माशिमा.”

“मग हात धू आणि बस. साबणानं धू.”

“पण माशिमा, तुम्ही म्हणाला होतात की हात…”

“बस म्हटलं ना!”

अरिंदम पाटावरून उठला तो असा काही हलका होऊन, की निदान त्याच्या बाजूनं निकाल तेव्हाच लागला होता. “बसा दादा, बसा. माझ्या पायांना मुंग्या आल्यात.”

लाट्टू बसला. त्याच्या मांडीचं वर्णन करायचं तर नवद्वीपात तेवढी सपाट जागा आता विकत मिळत नाही. टिकलीला तिथं ठेवली. पाठीला त्याचं पोट लागलं, दोन्ही बाजूंना मांड्यांचे लोड आले. तिनं एकदा मागे वळून बघितलं, हे काय आहे म्हणून, आणि तोंडातला झुपका सोडून दिला.

खीर शिउलीनं त्याच वाटीत काढली होती. दुसऱ्या वाट्या नव्हत्या असं नाही. पण त्या मापाची तेवढीच होती. माशिमांनी वाटी हातात घेतली, त्यांचा अंगठा खालच्या अक्षरांवर गेला, तिथं जरा थांबला. मग त्यांनी ती लाट्टूच्या हाताशी ठेवली.

“थेंबभर,” त्या म्हणाल्या.

चार माणसांनी उचलायचं पातेलं एकट्यानं उतरवणारा तो हात मी बघत होतो. बोंडल्याच्या चोचीवर खीर होती मसुरीच्या दाण्याएवढी. ती गालाच्या कोपऱ्याशी गेली. टिकलीनं ओठ मिटले. लाट्टू थांबला. सगळं घर ‘भरव, भरव’ म्हणून कुजबुजत होतं; तो तसाच थांबला, जणू पंगत उठायला सबंध दुपार पडलीय. मग ओठ आपणहून सुटले, खीर आत गेली, आणि टिकलीच्या चेहऱ्यावर आधी अपमान, मग विचार, मग काहीतरी फार मोठं कळल्यासारखं उमटलं. तिनं तोंड उघडलं. बायकांनी उलूलूचा मंगलध्वनी केला, कुणीतरी शंख फुंकला.

दुसरा घास. तिसरा. टिकली आता बोंडल्याला धरायला बघत होती.

“पुरे,” माशिमा म्हणाल्या.

“ती मागतेय हो!” लाट्टूचा आवाजच फुटला.

“मागू दे. पहिल्या दिवशी तीनच.”

त्याच्या डोळ्यांसमोरून कढया गेल्या असतील, मला खात्री आहे. पण त्यानं बोंडलं खाली ठेवलं.

मग आशीर्वाद झाले, फोटो झाले, आणि या सगळ्या गोंधळात टिकली लाट्टूच्या मांडीवर झोपून गेली. डोकं त्याच्या उजव्या मनगटावर, पाय डाव्या मांडीवर. भटजी उठले, पाहुणे पंगतीला गेले. लाट्टू बसलेला.

मागच्या अंगणात एकाएकी राज्य बुडाल्यासारखं झालं. मासा लागला. शेवटाला यायची चटणी वरणाच्या आधी वाढली गेली, हे आमच्याकडे लग्नात नवरीच्या जागी करवली बसवण्याएवढं गंभीर असतं. वाढपी एकामागून एक दारात येत होते, आणि लाट्टू तोंडातून शब्द न काढता भुवयांनी पंगत चालवत होता. डावी भुवई म्हणजे भात, दोन्ही म्हणजे पाणी. मिष्टी दोई कधी काढायची याला भुवई नव्हती, म्हणून दही निघालंच नाही.

“मी घेते तिला,” शिउली म्हणाली.

लाट्टूनं मान हलवली. इतकी हळू की ती हलली हे मनानंच ओळखायचं.

माशिमा ताट घेऊन आल्या. त्याच्यासमोर पाटावर ठेवलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की त्याच्या उजव्या हाताची उशी झालीय. मग त्या खाली बसल्या, भात कालवला.

“तोंड उघड. साखर नाही यात, रडू नकोस.”

लाट्टूनं तोंड उघडलं. तेवढ्यात मंडपातून कुणीतरी खवळून ओरडलं, “ओ डेकोरेटर! इथं माणसं उभी आहेत! खुर्च्या कुठायत? डेकोरेटर!”

माशिमांनी घास हातातच ठेवून दाराकडे मान वळवली. “डेकोरेटर नाहीये आज!” त्या कडाडल्या. “पोरीचा मामा आहे, आणि तो जेवतोय!”

“ओरडू नका ना माशिमा,” लाट्टू घास गालात धरून पुटपुटला. “उठेल.”